क्लासच्या पेपरांसाठी प्रिंटर घ्यायचाय, रिव्ह्यू वाचून वाचून काहीच ठरेना

गणितवाली_इंदिरानगर

नमस्कार सगळ्यांना. नाशिकला इंदिरानगरमध्ये घरीच आठवी ते दहावीचे गणिताचे क्लास घेते, सेमी आणि मराठी मिडियम दोन्ही, यंदा ६२ मुलं आहेत. दर आठवड्याला टेस्ट, मधेमधे वर्कशीट असं धरून महिन्याला १,३०० ते १,५०० पानं निघतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत दहावीचे सराव पेपर सुरू झाले की तीन हजारांवर जातात. सगळं काळं-पांढरं. रंगीत वर्षातून पाच-दहा पानं, ती बाहेरून काढली तरी चालतील.

सध्याचा प्रिंटर कार्ट्रिजवाला इंकजेट, कंपनीचं नाव लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन घेतला तेव्हा ४.३ स्टार होते आणि रिव्ह्यू हजारोंनी. एप्रिल-मेमध्ये क्लास बंद असतो, मी महिनाभर येवल्याला माहेरी असते, परत येऊन पहिलं पान काढलं की पट्टे. दरवर्षी हेच. क्लीनिंग मारून मारून निम्मी शाई तिथेच संपते.

यंदा जूनच्या पहिल्या टेस्टला काय झालं ते सांगते म्हणजे मी एवढी का वैतागलेय ते कळेल. नववीचा पेपर, घाईत छापला, वरचे दोन-तीन गठ्ठे चाळून बघितले तर ठीक वाटले. तपासायला बसले तर अकरा मुलांचा तिसरा प्रश्न एकसारखाच चुकलेला. एकीचा पेपर उजेडात धरून बघितला तर बरोबरच्या चिन्हातली वरची रेघ उमटलेलीच नाही! एक्स अधिक ५ बरोबर १२ असं हवं होतं, तिथे एक्स अधिक ५ वजा १२ दिसत होतं. मुलांनी जे दिसलं ते सोडवलं आणि एक्स वजा ७ लिहिलं, त्यांची काय चूक? मार्क मी सगळ्यांना दिले, पण त्यातली एक मुलगी घरी जाऊन रडली होती की मला एवढं साधंसुद्धा येत नाही, हे तिच्या आईकडून कळलं तेव्हा फार लागलं मनाला.

तर आता नीट बघून घ्यायचाय. बजेट १८ हजार, फार तर २०. गेले पंधरा दिवस रोज रात्री रिव्ह्यू वाचतेय, त्याच प्रिंटरला एक जण म्हणतो जबरदस्त, दुसरा म्हणतो पैसे पाण्यात. इंक टँक (बाटलीने शाई भरायचा) घेऊ की लेझर? आणि ह्या रिव्ह्यूंमधलं खरं काय ते ओळखायचं कसं?

झेरॉक्स_कॉलेजरोड

ताई डोळे झाकून लेझर घ्या. कॉलेज रोडला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली, दुकानात अजून कॅननचा एलबीपी २९०० चालू आहे, मिनिटाला १२ पानं, वायफाय नाही, पाठपोट आपोआप नाही, पण कधी दगा दिलेला नाही.

तुमचा मुख्य त्रास शाई सुकण्याचा आहे ना, तो लेझरला नाहीच. टोनर म्हणजे पूड असते, प्लास्टिकची बारीक पूड, ती कागदावर पडते आणि पुढे फ्यूजर नावाच्या तापलेल्या रोलरखालून कागद गेला की वितळून चिकटते. पूड सुकणार काय? दोन महिने बंद ठेवा, सहा महिने ठेवा, पहिलंच पान ठणठणीत येतं. दुसरं म्हणजे पावसात मुलं भिजत येतात, ओल्या हाताने पेपर धरला तरी अक्षर पसरत नाही. साध्या शाईच्या प्रिंटवर थेंब पडला की निळसर डाग होतो, आमच्याकडे हॉल तिकीट काढायला येणारी पोरं तर आधीच विचारतात की दादा लेझरच आहे ना.

फक्त एक, डब्यात येणारा टोनर बऱ्याचदा स्टार्टर असतो, पूर्ण भरलेला नसतो, तो लवकर संपला की घाबरू नका. आणि लहान यूपीएसवर लेझर लावायचा नाही, फ्यूजर तापताना एकदम ओढतो.

हिशोबवही

झेरॉक्सदादांचं म्हणणं चूक नाही पण त्यांनी खर्च सांगितलाच नाही, तो मी सांगतो. बँकेतून रिटायर झालोय, गंगापूर रोडला राहतो, घरातल्या प्रत्येक मशीनचा हिशोब वहीत ठेवायची सवय आहे.

ताई तुमची पानं वर्षाला साधारण सोळा हजार होतात (जून ते डिसेंबर दहा हजार, जानेवारी-फेब्रुवारी सहा). लेझरचा कंपनीचा लहान टोनर दीड-दोन हजार पानांचा असतो, एचपीच्या ८८ए वर १,५०० आणि १२ए वर २,००० लिहिलेलं असतं. म्हणजे तुम्हाला वर्षाला आठ ते अकरा टोनर लागणार. ओरिजिनल घेतले तर पानामागे दोन रुपयांच्या वर जातं, वर्षाचे तीस हजारांच्या पुढे झाले, प्रिंटरपेक्षा टोनर महाग! रिफिल केलं तर चाळीस पैसे धरा, सहा-साडेसहा हजार. इंक टँकमध्ये पानामागे दहा-बारा पैसे पडतात, वर्षाला दोन हजारांच्या आत. भाव बदलत असतात, तुम्ही घ्याल त्या दिवशीची बाटलीची किंमत भागिले पानं एवढंच करून बघा, तुम्ही तर गणिताच्या बाई आहात.

आता डब्यावरच्या पानांच्या आकड्याबद्दल. तो आकडा कंपनीने हवेतून काढलेला नसतो, टोनरसाठी आयएसओ/आयईसी १९७५२ आणि शाईच्या कार्ट्रिजसाठी २४७११ अशा ठरलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने मोजतात, ठरावीक नमुना पानं एकामागून एक छापत जायची. काळ्या टोनरचं ते नमुना पान साधारण पाच टक्के काळं असतं, म्हणजे एखाद्या पत्रासारखं. तुमच्या पेपरात आकृत्या असणार, तक्ते असणार, वर क्लासच्या नावाची जाड काळी पट्टी असेल तर ती आधी काढा. माझ्या घरी एपसनची काळी ००३ बाटली आहे, तिच्यावर ४,५०० पानं लिहिलीत, मला ३,८०० च्या आसपास मिळाली कारण मी सोसायटीच्या नोटिसा ठळक अक्षरात छापतो. शिवाय नव्या प्रिंटरच्या पहिल्या बाटलीतली बरीच शाई नळ्या भरण्यातच जाते, त्यामुळे पहिली बाटली लवकर संपली म्हणून एक स्टार देणारे बरेच लोक दिसतील, ते रिव्ह्यू मनावर घेऊ नका.

तुम्हाला रंगीत नकोच आहे तर फक्त काळ्या शाईचे टँक प्रिंटर मिळतात ते बघा. एपसनच्या एम सिरीजमध्ये १२० मिलीची बाटली येते, ६,००० पानांची. तिच्यातली शाई पिगमेंट असते, ती पाण्याने तशी पसरत नाही. एचपीचा नेव्हरस्टॉप म्हणून लेझरमधला टँकसुद्धा आलेला आहे, डब्यात ५,००० पानांचा टोनर आणि नंतर २,५०० पानांचं रिफिल किट, ते आपणच वरून दाबून भरायचं. आपल्याकडे आत्ता कुठलं मॉडेल मिळतं ते दुकानात विचारावं लागेल.

झेरॉक्स_कॉलेजरोड

काका खर्चाचं मान्य, मी रिफिलच करतो त्यामुळे मला तो जाणवत नाही. पण रिफिलवाला चांगला हवा. दोन-तीनदा भरल्यावर आतला ड्रम (पूड कागदावर उमटवणारा रोलर) झिजतो, मग पानावर ठरावीक अंतराने तोच ठिपका परत परत येतो किंवा मागे राखाडी झाक येते. ताईंना चिन्ह बिघडण्याचाच त्रास आहे, दशांश चिन्हाच्या जागी ठिपका आला तर परत तेच.

गणितवाली_इंदिरानगर

बाप रे, दशांश चिन्हाचा विचार केलाच नव्हता मी. काका, खूप उपयोगी लिहिलंत, पट्टी आजच काढते (खरंच जाड पट्टी आहे वर). पण टँक घेतला तर मे महिन्यात परत तेच नाही का होणार? पिगमेंट शाई सुकत नाही का?

प्रिंटर_रिपेअर_सिडको

सुकते ताई. उगाच खोटं कशाला सांगू, मी हेच काम करतो, घरोघरी जाऊन. जून उजाडला की माझ्याकडे रोज चार-पाच फोन तुमच्यासारखेच, क्लासवाले, शाळेतले शिक्षक, सीएची ऑफिसं वेगळी. नाशिकचा उन्हाळा कोरडा, शाई सोडणाऱ्या हेडच्या तोंडाशी ती घट्ट होऊन बसते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात, पाणी उडालं की कण उरतात आणि ते साध्या डाय शाईपेक्षा (तिच्यात रंग पाण्यात विरघळलेला असतो) सुटायला जड जातात.

पण उपाय अगदी सोपाय. आठवड्यातून एकदा नोझल चेकचं पान (हेडची सगळी भोकं शाई सोडतात का ते दाखवणारं) काढायचं, बस. त्याला शाई किती लागते, नावाला. क्लीनिंग मात्र सारखं मारायचं नाही, लोक तिथेच चुकतात. क्लीनिंगमध्ये शाई हेडमधून ओढून आत एका स्पंजमध्ये टाकतात, वेस्ट इंक पॅड म्हणतात त्याला. प्रिंटर त्याची मोजणी ठेवतो आणि पॅड भरलं असं त्याला वाटलं की छपाई बंद करून टाकतो, लाल लाइट लागते आणि लोकांना वाटतं प्रिंटर गेला. नवीन काही मॉडेलमध्ये त्या जागी मेंटेनन्स बॉक्स असतो, आपणच काढून दुसरा बसवायचा, घेताना हे नक्की विचारा, रिव्ह्यूत कोणी लिहीत नाही कारण ही वेळ यायला दीड-दोन वर्षं जातात.

बंद करताना प्रिंटरच्याच बटणाने बंद करायचा, भिंतीवरचं बटण नाही. प्रिंटरच्या बटणाने बंद केला की हेड जाऊन आपल्या जागी बसतो आणि त्याच्यावर रबराचं झाकण येतं. भिंतीवरून बंद केला आणि हेड मधेच राहिला तर महिनाभर उघडा पडतो. तुमच्या जुन्या प्रिंटरचं हेच झालं असेल असं मला वाटतंय, मेन स्विच बंद करून गावाला गेला होतात का?

आणि कागद. पावसाळ्यात नाशिकला कागद सादळतो, सादळलेला कागद लेझरमध्ये गरम होऊन वळतो आणि अडकतो, टँकमध्ये दोन-दोन एकदम ओढले जातात. रीम फोडली की उरलेली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात, ट्रेमध्ये आठवडाभर ठेवून द्यायची नाही. पाठपोट छापणार असाल तर ७० जीएसएमपेक्षा (कागदाच्या वजनाचं माप) ७५ बरा, मागचं अक्षर कमी दिसतं.

गणितवाली_इंदिरानगर

हो!! घराची मेन स्विचच बंद करून जाते मी दरवर्षी, फ्रिजसुद्धा रिकामा करून. प्रिंटर आधी बंद करायचा हे कोणी सांगितलंच नव्हतं, प्रिंट काढून झाली की तो तसाच चालू असायचा. दादा तुमचे खूप आभार.

उजेड_अंधार

उशिरा आलो, पण ताईंचा दुसरा प्रश्न अजून राहिलाय, रिव्ह्यूतलं खरं काय. लग्नाचे फोटो काढतो, आणि दहा-बारा वर्षं कॅमेरे, लेन्स, फोन, टीव्ही ह्यांच्याबद्दल मिळेल तिथे लिहीत आलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो, हा विषय माझ्या जवळचा आहे.

ताई, पहिली गोष्ट म्हणजे स्टार बघायचे सोडून तारीख बघा. वस्तू घरी आल्यावर आठ-दहा दिवसांत रिव्ह्यू लिहायचा मेसेज येतो, तेव्हा माणूस खूश असतो, पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत, पाच स्टार. नाहीतर डबा ठेचलेला आला म्हणून एक स्टार. दोन्हीत प्रिंटर कुठेच नाही. तुमचा जुना प्रिंटर घेताना जे हजारो रिव्ह्यू होते त्यातल्या किती जणांनी एक उन्हाळा काढून लिहिलं असेल? तुमचं दुखणं दहाव्या महिन्यातलं आणि रिव्ह्यू पहिल्या आठवड्यातले, मग त्यात ते सापडणार कसं. म्हणून मी शोधाच्या खिडकीत एक वर्ष, सहा महिने, रिफिल, सर्व्हिस, सुकली असे शब्द टाकून रिव्ह्यू काढतो आणि तेवढेच वाचतो. पन्नासातले चार निघतात पण ते चार कामाचे.

दुसरं, लिहिणाऱ्याचं काम आणि तुमचं काम एक आहे का ते बघा. महिन्याला वीस पानं काढणाऱ्याचा पाच स्टार तुम्हाला काय कामाचा? तुम्ही पंधराशे काढणार. तीन स्टारवाले मी सगळ्यात आधी वाचतो, तो माणूस सहसा काय आवडलं आणि काय नाही असं दोन्ही लिहितो.

तिसरं, एकाच पानावर दोन-तीन मॉडेलचे रिव्ह्यू एकत्र केलेले असतात. एकजण लिहितो वायफाय तुटतं, आणि तुम्ही बघताय त्या मॉडेलला वायफायच नाही! रिव्ह्यूखाली बारीक अक्षरात मॉडेल लिहिलेलं असतं, ते बघत चला.

आणि डब्यात चिठ्ठी मिळते, पाच स्टारचा फोटो पाठवा आणि एवढे रुपये परत मिळवा. मला स्वतःला एका मेमरी कार्डसोबत मिळाली होती. हे बघून मला चीड येते, कारण त्या रिव्ह्यूवर भरवसा ठेवून कोणीतरी कष्टाचे पैसे घालणार असतं. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी वेगळं मानक काढलंय, आयएस १९०००, त्यात रिव्ह्यू लिहिणारा खरा आहे का ते तपासा, पैसे देऊन लिहून घेतलेले छापू नका, असं सगळं आहे. पण काढलं तेव्हा ते पाळणं ऐच्छिक ठेवलं. व्हिडिओवाल्यांसाठी जाहिरात मानक परिषदेचे नियम १४ जून २०२१ पासून आहेत, वस्तू फुकट मिळाली असेल किंवा पैसे घेतले असतील तर तसं दिसेल असं लिहायचं. म्हणून व्हिडिओ सुरू होताना कोपऱ्यात काय लिहिलंय ते बघा, आणि स्वतः विकत घेतलाय का कंपनीने पंधरा दिवसांसाठी पाठवलाय हे तो सांगतो का ते ऐका. कंपनीने पाठवलेल्या वस्तूवरही माणूस प्रामाणिक लिहू शकतो, मी लिहिलंय, पण पंधरा दिवसांत परत द्यायची असेल तर उन्हाळा काढणार कोण.

अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स म्हणून संस्था आहे, १९३६ पासूनची, ते आपल्यासारखंच दुकानातून पैसे देऊन वस्तू आणतात आणि तपासतात, जाहिरात घेत नाहीत. कॅनडातले आरटिंग्ज नावाचे लोक पण स्वतः विकत घेऊन तपासतात, त्यांनी तर १०० टीव्ही आणून महिनोन्‌महिने रोज तासन्‌तास चालू ठेवले, कुठल्याचं काय बिघडतंय ते बघायला. मला हा प्रयोग फार मोठा वाटतो. टीव्हीचे सगळे रिव्ह्यू पहिल्या दिवशीचं चित्र किती सुंदर ह्याचेच असतात, आणि दुकानात तर टीव्ही इतका भडक मोडवर लावलेला असतो की तिथलं चित्र घरी कधी दिसतच नाही, मी पेन ड्राइव्हमध्ये माझे अंधारातले दोन फोटो घेऊन जातो आणि तेच लावून बघतो.

प्रिंटरलाही हेच करा ताई. तुमचा पेपर पेन ड्राइव्हमध्ये घ्या, तुमचाच कागद घ्या, एम.जी. रोडला दुकानं आहेत तिथे जा आणि छापून मागा. कंपनीचं डेमो पान बघू नका, त्यावर मोर आणि फुलं असतात. तुमच्या पेपरातलं सगळ्यात बारीक जे असेल ते बघा, अपूर्णांक, वर्गमूळ, आणि मराठीतले रफार आणि अनुस्वार. ड्राफ्ट मोडमध्ये (कमी शाईच्या छपाईत) नऊ पॉइंटचा अनुस्वार कुठल्या प्रिंटरवर उमटतो आणि कुठल्यावर नाही हे तुम्हाला पाच मिनिटांत कळेल, हे कुठल्याही रिव्ह्यूत सापडणार नाही कारण रिव्ह्यू लिहिणारे बहुतेक इंग्रजी पान छापून बघतात.

हिशोबवही

उजेड_अंधार, फार नेमकं लिहिलंत. एक भर घालतो, डब्यावर मंथली ड्युटी सायकल म्हणून मोठा आकडा असतो, तो बघून घेऊ नका, ती एखाद्या महिन्यात मशीन जास्तीत जास्त किती ओढेल त्याची हद्द आहे. दर महिन्याला किती छापावं हा आकडा वेगळा असतो आणि खूप लहान, माहितीपत्रकात आत कुठेतरी असतो. आणि वॉरंटीत वर्षांबरोबर पानांचीही मर्यादा असते बऱ्याचदा, जे आधी पुरं होईल ते. ताईंची वर्षाला सोळा हजार पानं आहेत, तर त्यांनी पानांचा आकडा आधी वाचावा. बिल जपून ठेवा, वॉरंटीत टाळाटाळ झाली तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो, मी एकदा मिक्सरसाठी केला होता, काम झालं.

मखमलाबादची_वाचक

मधेच विचारते, ताई तुम्ही पुस्तकातून स्कॅन पण करणार का? मी ऑल-इन-वन घेतला आणि पुस्तक उलटं ठेवून स्कॅन केलं की मधल्या शिवणीजवळचं सगळं धूसर येतं.

प्रिंटर_रिपेअर_सिडको

ते खराब नाही मॅडम, हल्लीच्या बहुतेक स्कॅनरमध्ये सीआयएस सेन्सर असतो, काचेला चिकटून असेल तेवढंच स्पष्ट दिसतं, जरा वर उचललं गेलं की धूसर. पुस्तक दाबून धरा, नाहीतर फोनने फोटो काढा. आणि बालभारतीची पुस्तकं तर ई-बालभारतीच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, स्कॅन करायची गरजच नाही.

गणितवाली_इंदिरानगर

आज शनिवार, क्लास दुपारनंतर होता म्हणून सकाळी जाऊन आले. सगळं लिहिते, लांब होईल.

नववीचा तोच पेपर घेऊन गेले, तिसऱ्या प्रश्नाचा. शिवाय एक मराठी मिडियमचं पान केलं होतं नऊ पॉइंटमध्ये, त्यात मुद्दाम वर्गमूळ, कर्ण, त्रिकोणाचं क्षेत्रफळ, दशांश अपूर्णांक असं सगळं घातलं. पहिल्या दुकानात ते म्हणाले मॅडम डेमो पीस नाही, डबा फोडला तर घ्यावाच लागेल, तिथून निघाले. दुसऱ्या दुकानातल्या दादांनी मात्र खुर्ची दिली, तीन प्रिंटर लावून दिले, रंगीत टँक, काळा टँक आणि एक लेझर, आणि म्हणाले काढा किती पानं काढायची तेवढी, कागद तुमचाच आहे. प्रत्येकावर दहा-दहा पानं काढली, पाच ड्राफ्ट आणि पाच साधी.

लेझरचं अक्षर सगळ्यात कोरीव, ह्यात वादच नाही, वर्गमूळाची तिरकी रेघ सरळ एकसंध आली. रंगीत टँकवर ड्राफ्टमध्ये कर्णमधला रफार फिकट आला आणि त्रिकोणाची तिरकी बाजू पायऱ्या-पायऱ्यांची. काळ्या टँकवर ड्राफ्टमध्येसुद्धा रफार, अनुस्वार दोन्ही स्वच्छ, आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही रेघा, त्या मी दहाच्या दहा पानांवर बोट ठेवून बघितल्या. मग बाटलीतलं पाणी बोटाला लावून तिन्ही पानांवर फिरवलं, दुकानातले दादा बघतच राहिले. रंगीत टँकचं पसरलं, म्हणजे त्या मॉडेलची काळी शाईही डाय असावी, बाकी दोन्ही तसेच राहिले.

मग काकांच्या पद्धतीने तिथेच बसून भागाकार केला. लेझर ओरिजिनल टोनरवर मला परवडणारच नाही, आणि रिफिलला झेरॉक्सदादांनी सांगितलेल्या ठिपक्यांची धास्ती बसली. काळा टँक घेतला. पाठपोट आपोआप आहे, मेंटेनन्स बॉक्स आपणच बदलायचाय, हे दोन्ही विचारून, माहितीपत्रकात दाखवायला लावून घेतलं. बजेटमध्ये बसला.

झेरॉक्सदादा, तुमचं ऐकलं नाही म्हणून राग मानू नका, लेझरची छपाई खरंच सरस होती.

मॉडेलचं नाव दोघांनी मेसेजमध्ये विचारलंय. नाव आत्ता लिहीत नाही, कारण आज लिहिलं तर माझाही रिव्ह्यू पहिल्या आठवड्यातलाच होईल.

झेरॉक्स_कॉलेजरोड

राग कसला ताई, पाण्याचं बोट फिरवून बघितलंत ते एकदम बरोबर केलंत. मे महिन्यात गावाला जाताना प्रिंटरचं काय करणार?

गणितवाली_इंदिरानगर

शेजारच्या काकूंकडे किल्ली असते, झाडांना पाणी घालायला दर रविवारी येतातच. त्यांना काल नोझल चेकचं पान कसं काढायचं ते दाखवलं, स्विच कुठला आधी आणि कुठला नंतर ते प्रिंटरवर कागदाची पट्टी चिकटवून लिहून ठेवलंय. प्रत्येक पानावर तारीख टाकून खणात ठेवायला सांगितलंय. जूनमध्ये येवल्याहून आले की ती सगळी पानं आणि पहिल्या टेस्टचा पेपर असे फोटो काढून इथेच टाकते, नावासकट.